काल्यातली चढाई

शिसोदे सर बूट घालून मैदानात आले, तिथं अक्कांचं डोकं फिरलं. पण ठिणगी आधीच पडलेली होती, त्यामुळे सुरुवात आधीपासून करावी लागेल.

देवपुरात विठ्ठल मंदिराच्या मागे एक मोकळी जागा आहे. वर्षभर तिथं मुक्ताई क्रीडा मंडळाच्या मुली कबड्डी खेळायच्या आणि कार्तिकात त्याच जागी सप्ताहाचा मांडव पडायचा. सरावाची माती आणि कीर्तनाची माती एकच. मुलीच ती चाळायच्या, पाणी मारायच्या, धुम्मसानं ठोकून बसवायच्या. त्या मातीवर कोणी चपलेनं पाय ठेवत नसे. तशी पाटी कुठं लावलेली नव्हती. मुली तिथं उघड्या गुडघ्यांनी पडतात आणि बुवा तिथंच उभं राहून देवाचं नाव घेतात, हे सगळ्या देवपुराला ठाऊक होतं. हरिपाठाला येणाऱ्या म्हाताऱ्या तर मांडव नसतानाही कडेला चपला काढून मगच पलीकडे जात.

हे मंडळ नर्मदाबाई भदाण्यांचं. मुलींच्या शाळेत त्या पी.टी.च्या बाई, गावाला मात्र नर्मदाक्का. अक्कांना कबड्डी आणि कीर्तन सारखंच प्रिय. दोन्हीकडे दमाचं काम, असं त्या म्हणत. नवी मुलगी आली की तिला आधी पांझरा नदीच्या वाळूत उभी करायच्या आणि सांगायच्या, "गा. एका श्वासात जेवढं जाईल तेवढं गा." कोणी अभंगाचं धृपद धरायची, कोणी लग्नातलं गाणं. लता बैसाणे आली तेव्हा परकरातली होती. तिनं बापाकडून ऐकलेलं भीमगीत धरलं आणि ते संपेचना. तिचा बाप भटू बैसाणे वीज मंडळात वायरमन आणि जयंतीच्या गायन पार्टीतला मुख्य गळा. अक्कांनी तेव्हाच ओळखलं, ही चढाईची पोर.

लताचं घर बौद्ध. ती मंदिरात जायची नाही, मैदानात यायची. अक्कांनी तिला कधी हात जोड म्हटलं नाही, आणि लतानं मैदानाची रेषा कधी माती कपाळाला लावल्याशिवाय ओलांडली नाही. दोघींना एवढं पुरत होतं.

मग मुली मोठ्या झाल्या, कॉलेजात गेल्या. साल त्र्याण्णव. विद्यापीठ नवं होतं. आता पुण्याकडे बघायला नको, आपली निवड आपल्या जळगावात, म्हणून खान्देशातल्या पोरापोरींना हुरूप आलेला. शहरातल्या एका कॉलेजनं मुलींचा कबड्डीचा संघ उतरवला. सातातल्या पाच जणी मुक्ताई मंडळाच्या. त्यांनी धरणगावात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा अशी मारली, की अंतिम सामन्यात समोरच्या मुली मध्यंतरातच रडायला लागल्या. लता आणि मंडळाच्याच बाकीच्या चौघी विद्यापीठाच्या संघात निवडल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मधे खुर्चीवर कॉलेजचे क्रीडा संचालक प्रा. रुपचंद शिसोदे. मागे मुली. खाली छापलेलं, की सरांच्या अथक परिश्रमांतून हा संघ उभा राहिला. अक्कांनी तो पेपर शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचला आणि नुसतं "हं" म्हणाल्या. एवढ्यावर त्या भांडल्या नसत्या. नाव कोणाचं का छापेना, पोरी खेळतायत ना?

पण आठवड्याभरात लता संध्याकाळी मैदानात आली ती बूट-मोजे न काढता कडेलाच उभी राहिली.

"अक्का, सर म्हणाले, इथं यायचं नाही."

"म्हणजे?"

"जिल्हा स्पर्धेत जी मंडळाकडून खेळेल तिला विद्यापीठाच्या संघातून काढणार. सरावालाही यायचं नाही. बाहेरचे क्लब बंद."

अक्का तशाच निघाल्या. हाताला माती, गळ्यात शिट्टी.

शिसोदे सरांच्या केबिनमध्ये काचेचं कपाट होतं आणि कपाटात करंडक. सर उठले नाहीत.

"बसा बाई."

"बसायला नाही आले. पोरींना काय सांगितलंत?"

"शिस्तीचं सांगितलं. बाई, विद्यापीठाचा क्रीडा कार्यक्रम म्हणजे एक व्यवस्था असते. उद्या तुमच्या क्लबात एखादीचा पाय मुरगळला तर जबाबदार कोण? मी."

"पाचवीपासून त्यांचे पाय माझ्याकडेच मुरगळतायत. आंबेहळद उगाळून हे हात पिवळे झालेत. तेव्हा कुठं गेली होती तुमची जबाबदारी?"

सर हसले. "गल्लीतलं खेळणं वेगळं आणि विद्यापीठाचं खेळणं वेगळं."

"काय वेगळं, सांगा की. मला शिकायचंय."

"बाई, तुम्ही रागात आहात."

"आहेच. आणि फरक मीच सांगते. ट्रॅकसूटचा. तेवढा एक तुम्ही दिलात. बाकी दम आमचा, पकड आमची, माती आमची. तुमच्या कॉलेजच्या मैदानावर म्हशी चरतात, सर! सात पोरी उभ्या करायला तुम्ही माझ्या दारात येता, आणि पोरी मिळाल्या की माझ्याच दाराला कुलूप लावता?"

सरांचं हसू गेलं. "विद्यापीठाच्या मुलींच्या संघाचा यंदाचा व्यवस्थापक मी आहे. मंडळाकडून खेळेल तिचं नाव राहणार नाही. झाला निर्णय. आणि पोरींचं एवढं भलं बघायचं असेल, तर त्यांच्या वाटेत येऊ नका."

हे शेवटचं वाक्य अक्कांना लागलं. परतताना पांझरेच्या पुलावर त्या मधेच थांबल्या. लताचं बी.ए.चं शेवटचं वर्ष. विद्यापीठाकडून खेळायची ही एकच संधी. विद्यापीठाची खेळाडू म्हटल्यावर पोलिसात, रेल्वेत दार उघडतं. आणि ते सोडा, या पोरीला देशातल्या चांगल्या चांगल्या पोरींसमोर उभं राहायचं होतं, लहानपणापासून. जिल्हा स्पर्धा काय, दरवर्षी येते.

मैदानात लता वाट बघत होती.

"काय म्हणाले सर?"

"तू मंडळ सोड," अक्का म्हणाल्या.

लताला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तुम्ही भांडायला गेला होतात, का मला देऊन टाकायला?"

"लता, नीट ऐक—"

"मी काय करंडक आहे? त्यांच्या कपाटात ठेवायला?"

"तुझं भलं—"

"ते पण हेच म्हणतात!"

ती गेली. वळून बघितलं नाही. अक्कांना शिसोद्यांचा राग होताच, आता स्वतःचाही आला. आपण बरोबर बोललो असं त्यांना पटत होतं, आणि पोरीचं तोंड आठवलं की पटत नव्हतं.

एवढ्यात सप्ताह आला.

काल्याच्या आदल्या दिवशी कळलं, की काल्याच्या कीर्तनाला प्रमुख पाहुणे शिसोदे सर. अक्का मंदिराचे अध्यक्ष भिकन आबांच्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

"आबा, हे काय ऐकते मी?"

आबा खूश होते. "अक्का, आपल्या पोरीस्नं नाव व्हयनं, पेपरमा उनं. म्हनीसन आम्ही म्हटलं, त्यास्ना गुरूना सत्कार करूत, देवना दारमा. शाल-नारळ."

"गुरू कोण?"

"ते सर नहीत का?" आबा गोंधळले. "त्यानी सांगं, बठ्ठं शिकाडनं मीच करस. इतला मोठा मानूस खोटं बोलस का? आम्हले वाटनं, कॉलेजमा गयात म्हंजे शिकाडनारा बी तठलाच व्हई."

आबा वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी मंदिराच्या मागच्या दारात बसून अक्कांच्या शिव्या ऐकत आले होते. "पाय! पाय वढ! दम सोडू नको, भवाने!" रोज ऐकायचे आणि तपकीर ओढायचे. तरी त्यांना वाटलं की शिकवणारे सर असतील. शिकवणारा म्हणजे पँट घातलेला, हे त्यांच्या मनात इतकं घट्ट बसलेलं होतं, की डोळ्यांसमोरचं लुगडं दिसलं नाही. आणि त्यात त्यांचं काडीचंही कपट नव्हतं, म्हणून अक्कांना रागवायलाही जागा उरली नाही.

"आता सांगी ऱ्हायनी का तू? पत्रिका बी वाटी टाक्यात," आबा हळूच म्हणाले.

काल्याच्या सकाळी मांडव गच्च भरला. सोनगीरचे लोटन महाराज कीर्तनाला उभे होते. वर दहीहंडी टांगलेली. तिच्याखाली बरोबर कबड्डीचं आखलेलं मैदान, कारण या मंदिराची एक रीत होती. काल्यात कृष्णानं गोपाळांबरोबर खेळलेले खेळ खेळायचे असतात, हे सगळीकडेच. टाळकरी फुगड्या घालतात, हुतूतू खेळतात. पण एका वर्षी सगळे टाळकरी गुडघ्यांनी हैराण होते. तेव्हा लोटन महाराजांनीच हाक मारली, "मुक्ताईच्या पोरी आहेत ना? या गं!" काही म्हातारे कुरकुरले. पण मुलींनी असा हुतूतू घातला, की कुरकुरणारेच टाळ्या वाजवायला लागले. तेव्हापासून हंडीआधीचा हुतूतू मंडळाच्या मुलींचा. एका बाजूला शाळेतल्या, दुसऱ्या बाजूला कॉलेजातल्या. लताही दरवर्षी खेळायची. भटू बैसाणे म्हणायचा, "खेळ शे, खेळ. खेळले कोनती जात?"

शिसोदे सर उशिरा आले. फोटोवाला बरोबर. त्यांच्यासाठी सोफा थेट मैदानात, बाजूच्या रेषेला टेकवून मांडलेला. सर माती तुडवत आले. पायांत काळे चकचकीत बूट, नाडीचे. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

अक्का आबांच्या कानाशी लागल्या. "आबा, पायांत बूट आहेत."

"ऱ्हाऊ दे अक्का, पाव्हना शे," आबा कळवळून म्हणाले.

पाठोपाठ पाच मुली. निळ्या ट्रॅकसूटमध्ये. फोटोसाठी आणलेल्या. सोफ्याच्या मागे सतरंजीवर ओळीनं बसल्या. लतानं अक्कांकडे बघितलं नाही.

महाराजांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते रंगात आले होते. "अहो, काला म्हणजे काय? एकाची भाकरी जाड, एकाची पातळ. एकाजवळ नुसता ठेचा, एकाजवळ तेवढाही नाही. देवानं विचारलं का, तू कोणत्या घरचा? सोड म्हणाला शिदोरी. सगळं एका पानात कालवलं आणि सगळ्यांनी मिळून खाल्लं. देवाला एकट्याला खाता आलं नसतं का? आलं असतं. पण एकट्यानं खाल्लं तर त्याला काला म्हणत नाहीत, बाबांनो!"

मृदंग वाजला. अक्का खांबाला टेकून उभ्या होत्या. महाराजांचा एकेक शब्द त्यांच्या अंगावर पडत होता. सगळ्यांची शिदोरी एका पानात, आणि हा इथं बसलाय बूट घालून, आमच्या शिदोरीची गाठ सोडून, आम्हालाच म्हणतोय उठा पानावरून! आणि याला शाल!

"चला," महाराजांनी हाक दिली, "हंडीआधी हुतूतू. या गं मुक्ताईच्या पोरींनो!"

शाळेतल्या मुली ओढण्या खोचत एका बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. दुसरी बाजू रिकामी. निळ्या ट्रॅकसूटमधली एकही उठली नाही. सर मागे वळून त्यांच्याकडे बघत होते, म्हणजे उठायची सोयच नव्हती.

"या गं," महाराज पुन्हा म्हणाले.

टाळ थांबले. मांडवात कोणाला काय चाललंय कळेना. पोरी मान खाली घालून बसलेल्या. आणि अक्कांना दिसलं, की आपणच लताला सांगितलंय, मंडळ सोड. आपल्या शब्दावर ती बसलीय, आणि तिच्यामागे या सगळ्या.

त्यांनी पदर खोचला, लुगडं वर बांधलं आणि रिकाम्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. वाकून माती कपाळाला लावली.

पहिल्या ओळीतली द्रौपदाबाई ओरडली, "व माय! अक्का उतरनी!"

"हुतूतूतूतूतू..." अक्का रेषा ओलांडून गेल्या. पन्नाशी उलटलेलं शरीर, पण पाय विसरले नव्हते. डावीकडे हूल दिली, उजवीकडची पोर शिवली. मांडव उसळला. महाराजांनी मृदंगवाल्याला खूण केली, ठेका धावायला लागला. अक्का वळल्या, आणखी एकीला शिवलं, परत फिरल्या, आणि मागून एका लहानीनं घोटा धरला. तिच्या मागे दुसरी, तिसरी. अक्का म्हणून कोणी सोडलं नाही. शिकवलंच तसं होतं. अक्का मातीत पालथ्या पडल्या, हात मध्यरेषेकडे ताणला, बोटं पोचता पोचता दम तुटला.

बाद.

पोरी घाबरून बाजूला झाल्या. अक्का उठून बसल्या, तोंड मातीनं माखलेलं, छाती भात्यासारखी हलत होती. "बरोबर धरलं," एवढंच त्यांना बोलता आलं. त्या सरकत मैदानाबाहेर गेल्या. त्यांची बाजू पुन्हा रिकामी झाली.

तेव्हा लता उठली.

"लता!" शिसोदे सर सोफ्यावरूनच म्हणाले. "खाली बस. मंडळाच्या खेळाबद्दल काय बोललो होतो मी?"

"सर, हे कीर्तन आहे."

"मंडळाचंच ना? बस म्हटलं ना!"

महाराजांच्या कपाळाला आठी पडली. पण त्यांच्याआधी द्रौपदाबाई बोलली, "ओ सर, किसनदेवले बी तुमनं पत्र लागस का खेळाले?"

मांडव हसला. मग हसू कडवट झालं. कोणीतरी मागून ओरडलं, "बूट काढ रे पहिले!" आणि मग तेच सगळीकडून यायला लागलं. सर लाल झाले.

लतानं ट्रॅकसूटचं वरचं काढलं. आत घरचा साधा कुडता. निळं जाकीट तिनं नीट घडी करून सोफ्याच्या हातावर ठेवलं, सरांच्या कोपराशी. बाकीच्या चौघी बसूनच राहिल्या. त्यांना दोष देऊ नये. ज्याच्या हातात पुढचं वर्ष असतं त्याच्यासमोर उठणं सोपं नसतं.

लतानं माती कपाळाला लावली आणि दम घेतला.

तो हुतूतू देवपुरानं नंतर किती वर्षं आठवला. पोरींमधून ती वाऱ्यासारखी फिरली, एकेकीला शिवत. आणि परत यायचं सोडून बाजूच्या रेषेवर, सोफ्यासमोर येऊन थांबली. श्वास चालूच. हुतूतूतूतू. नजर सरांच्या बुटांवर. ना हात उचलला, ना पाय पुढं टाकला. नुसती उभी राहून हुतूतू म्हणत राहिली. सरांनी पाय सोफ्याखाली ओढून घेतले. मृदंगवाला थकून थांबला तरी तिचा दम तुटला नाही. मग ती शांतपणे वळली आणि आपल्या रेषेपलीकडे जाऊन श्वास सोडला.

हंडी फुटायच्या आत शिसोदे सर निघून गेले. शाल-नारळ ताटातच राहिलं. काल्याचा प्रसादही घेतला नाही. हे मात्र भिकन आबांना फार लागलं. प्रसाद टाकून गेलेला माणूस गुरू नव्हे, एवढं त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. ते शालीचं ताट घेऊन अक्कांकडे आले.

"नको आबा," अक्का म्हणाल्या. "ज्याच्यासाठी आणली त्यालाच द्या. मला मातीवरचे बुटांचे ठसे बुजवायचेत."

त्या धुम्मस घेऊन एकट्याच ठोकत बसल्या. लता शेजारी येऊन बसली.

"अक्का, पुन्हा मला कोणाला द्यायचं नाही."

अक्का ठोकत राहिल्या. "नाही देणार."

आठवडा गेला. आधी कॉलेजचा शिपाई लताला बोलवायला येऊन गेला. मग एका संध्याकाळी सर स्वतः स्कूटरवर आले. मैदानाच्या कडेला थांबले, इंजिन चालूच. लताशिवाय आपण पहिल्याच सामन्यात गुंडाळले जाऊ, हे त्यांनाही कळत असावं.

"लता, शुक्रवारी आंतरविद्यापीठ स्पर्धेला जायची गाडी आहे. त्या दिवशीची माफी माग. जागा अजून भरलेली नाही."

अक्का बोलायला गेल्या आणि थांबल्या. त्यांना आतून ओरडावंसं वाटत होतं, माग गं, शब्दच तर आहेत, जा, खेळ! आणि त्याच दमात ओरडावंसं वाटत होतं, मागितलीस तर बघ! त्यांनी शिट्टी दातांत धरली.

लता रेषेवर उभी होती. घामानं चिंब.

"सर, असं लांबून काय बोलायचं? आत या ना. बूट काढून या, मग बोलू."

सरांनी खाली बघितलं. बुटांच्या नाड्यांकडे. एक क्षण अक्कांना वाटलं, हा माणूस वाकेल. वाकला असता तर अक्कांनी त्याच्यासाठी पाणी आणलं असतं, खरंच आणलं असतं. मैदानात आलेल्या कोणाला त्यांनी कधी उपाशी-तहानलेलं पाठवलं नव्हतं.

सरांनी गिअर टाकला आणि ते गेले.

शुक्रवारी संघ लताशिवाय गेला. आदल्या दिवशी चौघी मैदानात पाया पडायला आल्या, रडल्या. अक्कांनी त्यांना शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले आणि दटावलं, "रडताय काय? जिंकून या." मनापासून म्हणाल्या. त्यांनी जिंकावं असं अक्कांना खरंच वाटत होतं. जिंकल्या तर पुन्हा तोच फोटो येणार, खुर्चीवर तोच माणूस, हेही दिसत होतं. त्या पहिल्याच सामन्यात हरून आल्या. त्याचाही अक्कांना आनंद झाला नाही, उलट आणखी संताप झाला. चांगल्या पोरी फुकट गेल्या.

जिल्हा स्पर्धेत लता शाळकरी पोरी घेऊन उतरली. उपांत्य फेरीपर्यंत गेल्या आणि हरल्या. परतीच्या एसटीत लता खिडकीशी बसली होती, गुडघ्यावर ओली हळद.

"राग गेला का अक्का?"

"नाही."

"माझाही नाही गेला. जळगावला त्या निवडीच्या दिवशी मी किती खूश होते... आता मला नाही खेळता येणार विद्यापीठाकडून. कधीच."

देव बघून घेईल असं अक्का इतरांना सांगत असत, लताला त्यांनी तसं सांगितलं नाही. तिचा हात हातात घेतला आणि देवपूर येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानात एक नवी पोर आली होती. भेदरलेली, परकरातली. आईनं तिला कडेला सोडलं. चपला काढल्या पाहिजेत हे तिला माहीत नव्हतं, ती तशीच आत आली.

लता वाकली. पोरीच्या चपला स्वतःच्या हातानं काढून रेषेबाहेर नीट ठेवल्या.

"हां. आता गा," ती म्हणाली. "एका श्वासात जेवढं जाईल तेवढं."